चार हजारांनी हरणारा उमेदवार

हिरेमट्टूर मतदारसंघात आमचा पक्ष सलग चौथ्यांदा हरला, तेव्हा बेंगळुरूच्या वरिष्ठांनी ठराव केला की यापुढे उमेदवार निवडताना मागच्या पराभवांचा शास्त्रशुद्ध आधार घेतला जाईल. विजयांचा आधार घेण्याची सोय नव्हती. जिंकलेल्या जागी आमच्यात हार घालतात. अहवाल फक्त हरलेल्या जागेचा मागवतात.

मी कळकप्पा अंगडी, पक्षाचा तालुका चिटणीस. चारही अहवाल माझ्या अक्षरात आहेत. पहिल्या वेळी आम्ही एका निवृत्त मुख्याध्यापकांना उभं केलं होतं. त्या अहवालाचा निष्कर्ष असा की लोक त्यांना पाहून हात जोडत होते आणि हात जोडलेले असल्यामुळे बटण दाबायचं राहून गेलं. पुढचे तिन्ही पराभव चंद्रगौडा पाटलांचे. गौडा पहिल्यांदा एकतीस हजारांनी हरले, मग बावीस हजारांनी, मग तेरा हजारांनी.

यंदा तिकीट ठरवायला वादिराज उपाध्याय नावाचे निरीक्षक आले. सरकारी विश्रामगृहात बैठक भरली. मिरची-भजी आणि चुरमुऱ्यांच्या पराती आल्या. इच्छुक दोघंच होते: चंद्रगौडा आणि नीलगंगव्वा मडिवाळर.

नीलगंगव्वा म्हणजे आमच्या गल्लीतली बाई. दोनदा नगरसेविका झालेली. बाकी शहराला नळाचं पाणी नवव्या दिवशी येतं, तिच्या वॉर्डात तिसऱ्या दिवशी. पाणी सोडणारा माणूस आला नाही की ही स्वतः चावी घेऊन खड्ड्यात उतरते. माझ्या आईची विधवा पेन्शन तीन वर्षं अडकली होती. हिने तहसील कचेरीत दोन दिवस ठाण मांडून ती सोडवून आणली होती.

ती खुर्चीवर बसली. उपाध्यायांनी तिच्यासमोर फाइल उघडली. आत काही नव्हतं.

"बाई, तुमचा एकही अहवाल नाही?"

"कसला, सर?"

"पराभवाचा."

"मी हरलेच नाही कधी. दोनदा उभी राहिले, दोनदा आले."

उपाध्यायांनी चष्मा काढला. "म्हणजे तुमच्या चुका काय, हे पक्षाला ठाऊक नाही. ज्या चुका ठाऊक नाहीत त्या सुधारणार कशा?"

"चुका झाल्या असत्या तर बायकांनी नळावरच सुनावलं असतं की मला."

"बरं, लोक मान देतात तुम्हाला?"

"आले की उठून उभे राहतात," ती जरा लाजून म्हणाली.

उपाध्यायांनी माझ्याकडे पाहिलं. "चिटणीस, पहिला अहवाल काढा. मुख्याध्यापकांचा. हाच धोका आहे बघा." मी पान उघडून दिलं. अक्षर माझंच होतं, त्यामुळे हरकत घेता आली नाही.

मग गौडा आले. त्यांची फाइल दोन जणांनी उचलून आणली. उपाध्यायांनी कागदावर रेघ ओढली. "पाहा! एकतीस, बावीस, तेरा. दर वेळी नऊ हजारांची सुधारणा. याच गतीने गौडा यंदा चार हजारांनी हरतील आणि पुढच्या वेळी पाच हजारांनी जिंकतील. इतका भरवशाचा माणूस सबंध जिल्ह्यात नाही."

मी धीर करून विचारलं, "सर, मग यंदा नीलगंगव्वा अक्काला देऊ आणि गौडांना पुढच्या वेळी देऊ."

"अहो चिटणीस, यंदा हरले नाहीत तर पुढच्या वेळी जिंकतील कसे?"

गौडा समाधानाने म्हणाले, "कळकप्पा, तू घाई करू नकोस. मी पाच वर्षं थांबायला तयार आहे."

ठराव एकमताने झाला. माझं मत धरून.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर नीलगंगव्वा बसली होती. माझ्या चेहऱ्यावरूनच तिला कळलं.

"लिहून काढलंत सगळं?"

"काढलं, अक्का."

"माझं नाव तरी शुद्ध लिहिलंत ना, अण्णा? मागच्या यादीत निळगंगा केलं होतं."

"शुद्ध लिहिलंय."

"मग झालं," ती म्हणाली आणि पदर खोचून निघाली. फाटकापाशी थोडा वेळ थांबली. परत वळून येईल असं मला वाटलं, पण आली नाही.

घरी माझी बायको पार्वतव्वा वाट बघत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. "बैठकीत तुम्ही होता ना? बोलायला काय झालं होतं? तोंडात भजी होती?"

"बोललो मी."

"मग हात कशाला वर केलात?"

दुसऱ्या दिवशी नीलगंगव्वाने अपक्ष अर्ज भरला. चिन्ह मिळालं शिट्टी. पोरींचा एक घोळका घेऊन ती दारोदार फिरली. मोटार नव्हती, जेवणावळी नव्हत्या. ज्या दारात जाई तिथे लोक पाट मांडत, ताक देत, म्हाताऱ्या तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडत. चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, बाजारात एकच बोलणं चाललं होतं.

"बाई सोन्यासारखी आहे रे."

"प्रश्नच नाही. पण निवडून थोडीच येणार?"

"हो ना. मत वाया कशाला घालवायचं!"

मत वाया जाऊ नये म्हणून अर्ध्या लोकांनी ते विरोधी पक्षाच्या आमदारांना द्यायचं ठरवलं. या आमदारांनी दहा वर्षांत हिरेमट्टूरला स्वतःच्या नावाची कमान दिली होती. उरलेल्यांनी आमच्या गौडांना द्यायचं ठरवलं, कारण आमदार नकोसे झाले होते.

निकाल लागला. गौडा चार हजार बारा मतांनी हरले. नीलगंगव्वाला अकराशे त्रेचाळीस मतं पडली, अनामत गेली.

उपाध्यायांचा लगेच फोन आला. "चिटणीस, अभिनंदन! फक्त बारा मतांचा फरक! असा अचूक पराभव पक्षाच्या इतिहासात नाही!" गौडांच्या घरी पेढे वाटले गेले. पुढच्या वेळचं तिकीट त्याच दिवशी जाहीर झालं.

प्रथेप्रमाणे पाचवा अहवाल आला माझ्याकडेच. या वेळी वरून शंभर छापील फॉर्म आले होते: शंभर मतदारांना गाठून, सर्वांत योग्य उमेदवार कोण होता आणि तुम्ही त्याला मत दिलंत का, नसेल तर कारण काय, हे विचारायचं. मी आठ दिवस फिरलो. नव्व्याण्णव फॉर्म भरले. त्यातल्या एकाहत्तर जणांनी योग्य उमेदवार म्हणून नीलगंगव्वाचं नाव सांगितलं. त्यातल्या अडुसष्टांनी तिला मत दिलं नव्हतं. कारणाच्या रकान्यात सगळ्यांचं उत्तर एकच: बाकीचे देणार नाहीत असं वाटलं.

मी कार्यालयात फॉर्म लावत बसलो होतो, तेवढ्यात नीलगंगव्वा आली. खालच्या आळीतली पाण्याची तक्रार होती, तिला पक्षाच्या कागदावर सही हवी होती. टेबलावरचा गठ्ठा दिसला तशी ती उभ्याउभ्याच वाचू लागली. एक एक करत तिने सगळे फॉर्म वाचले. शेजारणीचा वाचला. ज्याच्या मुलीला तिने वसतिगृहात जागा मिळवून दिली होती त्याचा वाचला. पार्वतव्वाचा वाचला.

"इतके लोक माझ्या बाजूचे होते?" तिने हळूच विचारलं.

"होते, अक्का."

"तुम्ही?"

"मी पक्षाचा माणूस," मी म्हणालो. "पण मनातून तुमच्याच बाजूचा."

गठ्ठा नीट जुळवून तिने माझ्यासमोर ठेवला. "अण्णा, मनातली मतं मोजायचं यंत्र निघालं की कळवा," म्हणाली, सही घेतली आणि गेली.

अहवालात निष्कर्ष काय लिहावा, हे मी उपाध्यायांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "लिहा, पक्षाने उमेदवार निवडताना जो निकष लावला तोच जनतेने लावला. म्हणजे पक्षाची नाळ जनतेशी जुळलेली आहे." तसंच लिहिलं.

शंभरावा फॉर्म कोरा राहिला आहे. हिरेमट्टूरचं नाव खोडून तुमच्या गावाचं घाला आणि सही करून पाठवा. कारणाचा रकाना मी आधीच भरून ठेवला आहे.