हसुनानांची उसनवारी

हसुनाना पहिल्यांदा आमच्या दारात आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावरून थेट स्वयंपाकघरात बघत त्यांनी विचारलं, "बाय, ती किसनी आज लागनार हाय का?"

मी गडबडून "नाही" म्हटलं. नाना आत आले, किसणी उचलली, उजेडाकडे धरून तिच्या भोकांतून पलीकडे पाहिलं आणि "उसनी नेतो" म्हणून चालू पडले. आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं आणि म्हणाले, "गाजरं आणली असतील म्हाताऱ्यानं." दुसऱ्या दिवशी नानांच्या अंगणात माझी किसणी एका माणसाचा गाल झाली होती. दाढी न केलेला गाल. इतका हुबेहूब, की मला माझे सासरे आठवले आणि मी पदर सावरला.

नवी मुंबईत, सीवूड्समधल्या आमच्या सोसायटीची मागची भिंत संपते तिथे करावे गाव सुरू होतं. भिंतीला लागूनच नानांचं बैठं घर आहे. आजूबाजूच्या घरांचे तीन-चार मजले झाले, नानांचं तेवढं जमिनीवर राहिलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा उलव्याला टॉवरमध्ये राहतो. नाना मोठे शिल्पकार आहेत, परदेशात त्यांच्यावर लेख येतात म्हणे. गावात मात्र त्यांची ओळख 'वस्तू नेणारा' अशी आहे, आणि माझ्या मते तीच जास्त बरोबर आहे.

कारण नाना सामान विकत घेत नाहीत आणि भंगारालाही हात लावत नाहीत. "भंगार मेलेला आस्तं," ते म्हणतात. "जिला मालक हाय ती वस्तू जित्ती." त्यामुळे टोप, पाट, झारे, सायकलचा पंप, सगळं शेजारपाजारचं. वस्तूला भोक पाडायचं नाही, चिकटवायचं नाही, वेल्डिंग तर नाहीच. सगळं मासळीच्या जाळ्याच्या दोरीनं बांधायचं, आणि गाठ अशी मारायची की टोक ओढलं की सुटली पाहिजे. मालक आला, "नाना, माझा झारा," म्हणाला, की नाना त्याला बसवतात, चहा पाजतात आणि मग गाठ ओढतात. एखाद्या घोड्याचा पाय जातो, एखाद्या म्हाताऱ्याचा कान जातो. एकदा गावाचं पाणी गेलं, लोकांनी धडाधड आपापल्या बादल्या नेल्या आणि एका संध्याकाळात नानांचा आख्खा हत्ती नाहीसा झाला. मी हळहळले. नाना म्हणाले, "गेला कामावर."

अशा माणसाच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन भरवावं, असं बेलापूरच्या एका संग्रहालयाच्या मनात आलं. त्यासाठी अन्विता नावाची मुलगी आली. हुशार, नम्र, गळ्यात लाकडी मणी.

"सर, आपण तुमचा रेट्रोस्पेक्टिव्ह करतोय. म्हणजे सिंहावलोकन."

"शिंव्ह मी कवाच नाय केला," नाना म्हणाले. "हत्ती केलेला."

कामं कुठे आहेत, असं तिनं विचारलं. "लोकांच्या घरी," नाना म्हणाले. तिचा चेहरा खुलला. तिला वाटलं, मोठमोठ्या संग्राहकांकडे. मग मी तिला गावात फिरवून आणलं. हत्तीचा कान एका मोरीत होता आणि त्यात चादर भिजत होती.

सगळ्या वस्तू नव्या विकत आणायची तिनं तयारी दाखवली. "मंग नानाबी नवा आन," एवढंच उत्तर मिळालं. तेव्हा पुन्हा उसनवारी सुरू झाली. संग्रहालयाच्या भाषेत उसन्याला 'लोन' म्हणतात. हा शब्द कानावर पडताच दोन घरांनी दारं लावून घेतली. तरी वस्तू जमल्या, कामं पुन्हा उभी राहिली. सगळ्यात मोठी होती 'बसलेली बाई'. ती बसली होती जनाबायच्या टोपावर. जनाबाय गल्लीच्या टोकाला राहते, नानांच्या बायकोची जुनी मैत्रीण. आणि हळदीला आख्खं गाव जेवतं, त्या मापाचा तो टोप. शिल्पाखालच्या पाटीवर 'मिश्र माध्यम' लिहिलेलं होतं. नानांनी ते काढून 'उसनं' लिहायला लावलं.

प्रदर्शन गाजलं. नाना रोज बाईशेजारी खुर्ची टाकून बसत आणि संध्याकाळी पडलेल्या चेहऱ्यानं परत येत.

"कोण आलं होतं आज?" मी विचारायची.

"इंग्रजी लय आली. गावचा कोन नाय."

गावच्या लोकांनी यावं, एवढंच त्यांना हवं होतं. मला राहवेना. मी जनाबायला गाठलं. ती म्हणाली, "आमचाच टोप बगाला बेलापूरला जायाचा? घरात व्हता तवा बगलाय ना."

मग एका दुपारी मी स्वतः प्रदर्शनाला गेले आणि पाहते तो दालनात आरडाओरडा. जनाबाय आली होती. शिल्प बघायला नव्हे. पुतण्याच्या घरी हळद होती आणि केटररनं आणलेला टोप लहान निघाला होता.

"बाई, हात लावू नका!" सिक्युरिटीवाला ओरडत होता.

"माज्या टोपाला मी हात नको लावू?"

अन्विता धावत आली. टोप सगळ्यात खाली, तो काढला की बाई संपली. "मावशी, मी तुम्हाला नवीन टोप घेऊन देते. याहून मोठा. आत्ता, तासाभरात. तो कायमचा तुमचाच."

जनाबायनं विचार केला. "मोटा देतं तं चालंल," ती म्हणाली.

तेवढ्यात नाना खुर्चीतून उठले. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "नवा नको देऊ! नवा दिलास तं ही जनाबाय टोप मागाला कवा येल? आनि मागाला नाय आली, तं माज्या दारात येनार कोन?"

जनाबाय खाली बघू लागली. मला फार वाईट वाटलं. जो मी इतकी वर्षं कलेचा नियम समजत होते, तो एका एकट्या माणसाचा चहा होता.

नानांनी गाठ ओढली. बाईचे हात सुटले, मान उतरली, पाट एकेक करून खाली आले. शेवटी नुसता टोप उरला.

"बगत काय रायलास, हसू?" जनाबाय म्हणाली. "धर ती कडी. मी एकटी नेनार का? आनि हलदीला थांब."

दोघं टोपाच्या दोन कड्या धरून निघाले. अन्विता मागून म्हणाली, "सर, संध्याकाळी तुमचं भाषण आहे. लोक येतील. मी काय सांगू?"

नाना दारात थांबले.

"सांग, नाना हलदीला गेलाय. आनि गावचा कोन आपली वस्तू मागाला आला, तं तू देऊ नको. नानाच्या घरी ये म्हन."