कॉपी होतंय

"कॉपी होतंय, बाई. फाइल फार मोठ्या आहेत," मालकांनी फोनवर सांगितलं आणि निवांत चहाचा घोट घेतला. आठवडाभर त्यांच्या व्हिडिओ स्टुडिओतून नृत्यशाळेच्या बाईंना हेच उत्तर जात होतं. खरं तर बाईंच्या कार्यक्रमाच्या चित्रीकरणाला मालकांनी अजून हातही लावला नव्हता. पण कोपऱ्यातला सर्व्हर इतका रडतखडत चालायचा, की त्याच्या नावावर कुठलाही आळस खपून जायचा. बाईंना हे कळलं असतं तर त्यांच्याकडून मिळणारी वर्षभराची कामं हातची गेली असती, आणि स्टुडिओ चालायचा तो त्या कामांवरच.

माशी शिंकली ती मेव्हण्यामुळे. तो एका कंपनीत नेटवर्क सांभाळायचा आणि बहिणीकडे आराम करायला आला होता. आराम करणं त्याला अजिबात जमत नसे, म्हणून तो ताईबरोबर स्टुडिओत आला.

"ताई, एवढ्या मोठ्या फाइल या असल्या केबलमधून पाठवता? ही तर मी शाळेत असतानाची दिसतेय!"

"मग बदल की रे. यांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं."

मालकांना ठसका लागला. "अरे, पाहुणा तू! कशाला उगाच धुळीत हात घालतोस?"

पण मेव्हण्याने केबल बदललीसुद्धा, आणि सर्व्हर चक्क धावू लागला. मालक हळूच एडिटिंगच्या खोलीत शिरले आणि दोन्ही एडिटरना म्हणाले, "बॅकअप घ्या. सगळ्याचा. आत्ताच्या आत्ता."

"सर, जुन्या कार्यक्रमांचापण?"

"जुनेच आधी!"

सर्व्हरने पुन्हा मान टाकली. मालकांचा जीव भांड्यात पडतोय तोच मेव्हण्याने गोम शोधून काढली. "दाजी, तुमची माणसं एकाच वेळी सगळं कॉपी करत बसतात! मी बॅकअप ऑफिस बंद झाल्यावर आपोआप होईल असं लावून दिलंय."

शेवटचा उपाय म्हणून मालकांनी स्वतःच एक अजस्र फाइल कॉपीला लावली. पडद्यावर खिडकी उघडली आणि बघता बघता मिटली. एवढा वेग त्यांनी जन्मात पाहिला नव्हता आणि त्यांना तो बिलकूल आवडला नाही.

"छान झालं हो," बायको म्हणाली. "मी नृत्यशाळेच्या बाईंना कळवलं, आता काही अडचण नाही म्हणून. निघाल्यातच त्या."

बाई आल्या त्या पडलेल्या चेहऱ्याने. मालकांना त्यांनी एका बाजूला घेतलं. "फिल्म तयार झाली का हो?"

"बाई, खरं सांगायचं तर..."

"नाही म्हणा हो! पालकांना फिल्म दाखवायला हॉल बुक करायचं मी साफ विसरले. आठवडाभर त्यांना सांगतेय, स्टुडिओत कॉपी होतंय. आणि तुमच्या मिसेस म्हणतात, सर्व्हर सुधारला!"

मालकांच्या चेहऱ्यावर रंग परतला. "बाई, अगदी निश्चिंत राहा. तयार नाहीये."

दारात उभ्या बायकोने सगळं ऐकलं होतं. तिने नवऱ्याच्या हातातला कप काढून घेतला, त्याला खुर्चीत बसवलं आणि हातात माउस दिला.

"ताई, जुनी केबल फेकून देऊ?" मेव्हण्याने विचारलं.

"राहू दे. बाईंना लागेल."

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. "हो हो, मी स्टुडिओतच आहे," त्या ठामपणे म्हणाल्या. "स्वतःच्या डोळ्यांनी बघतेय ना! कॉपी होतंय."