चालून दाखव

संतपूरचे लोक माणिकअप्पांच्या ओट्यापुढून चालत जाणं टाळतात. माणूस चार पावलं पुढं गेला की अप्पा मागून त्याचं वय सांगतात. सहसा चुकत नाहीत.

एका लग्नात नवरदेव मांडवात शिरताच ते मोठ्यानं म्हणाले, "चाळिशीला टेकलाय गडी."

"अप्पा, गप बसा की!" मुलीचा मामा कासावीस झाला. "तीस सांगितलंय त्येंनी."

"डोक्याला रंग दिलाय. चालीला कुठला देणार?"

ही पारख काळविटांवरची. शिकारीवर बंदी येण्याआधी तरुण अप्पा वडिलांबरोबर रानात जात. उतार वयाचा नर तेवढा टिपायचा, अशी घरची शिस्त होती. तो ओळखायचं काम अप्पांचं. "काळ्या रंगावर जाऊ नगा," ते अजून बजावतात. "उन्हाळ्यात त्यो बी तांबूस पडतोय. शिंगाचे पीळ बघा, बुडाच्या कड्या झिजल्यात का बघा. तरी शंका आली तर चालू द्या त्याला. पाय उचलून टाकतोय का घासतोय, तिथं वय कळतंय." बंदूक कधीच गेली. कळप दिसला की अप्पा बांधावर बसून वयं सांगतात. ऐकायला शेजारी अक्का असत.

अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. पावसाळ्यात त्या पडल्या, मांडीचं हाड मोडलं. मुलानं पुण्याला नेऊन ऑपरेशन केलं आणि ठेवून घेतलं. गुरं आहेत म्हणून अप्पा इथंच राहिले. आमचं घर त्यांच्या शेजारीच, म्हणून दर रविवारी माझ्या फोनवर दोघांचा व्हिडिओ कॉल होतो.

"तोंड काय दाखवायलीस? चालून दाखव."

"मी काय हरणी हाय व्हय?"

"तुरीला शेंगा भरल्यात. कळप बी आलाय. कवा येतीस?"

हा प्रश्न एकाही रविवारी चुकला नाही.

गेल्या रविवारी अक्कांनीच आधी सांगितलं, "पोराला तिकीट काढायला लावलंय. ह्या आठवड्यात येतेच. बघा आता!" सुनेकडं फोन देऊन त्या काठीशिवाय खोलीभर चालल्या. वळून हसल्या. "कसं काय?"

अप्पा पडद्याला नाक लागेल इतके वाकले होते. अक्कांचा उजवा पाय फरशीवरून घासत येत होता. तो मलाही दिसला.

"झकास चालायलीस," अप्पा म्हणाले. "पर एवढ्यात कामून यायलीस? इकडं लई ऊन हाय."

"अवो, थंडीच्या दिसांत?"

"व्हय. लई तापायलंय. रहा तिकडंच थोडं."

फोन त्यांनी माझ्या हातात दिला आणि घोंगडी कानांवरून ओढून घेतली.