पाणी खालून की वरून

विज्ञानाचे सर निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. पासष्टाव्या वाढदिवसाला लेकीने त्यांना जिन बनवायला शिकवणाऱ्या डिस्टिलरीत न्यायचं ठरवलं, तेव्हा ते उखडले. त्यांनी आयुष्यात दारूच्या थेंबाला स्पर्श केला नव्हता.

"बाबा, प्यायची नाहीये, बनवायचीय. ऊर्ध्वपातन करून."

हा शब्द ऐकला आणि सर इस्त्रीचा शर्ट घालून तासभर आधीच तयार होऊन बसले. ऊर्ध्वपातनाची आकृती त्यांनी एकतीस वर्षं फळ्यावर काढली होती. उकळतं भांडं, वाफेची नळी, तिच्याभोवती गार पाण्याचं आवरण आणि टोकाला थेंब. प्रत्यक्षात मात्र हे एकदाही पाहिलं नव्हतं. शाळेत काचेचा एकच संच होता आणि फुटेल म्हणून तो कायम कुलपात असायचा.

डिस्टिलरीच्या दारातच सर थबकले. समोर दोन पुरुष उंचीचं तांब्याचं भांडं लखलखत होतं. "माझी आकृती," ते पुटपुटले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

आत दहा टेबलांवर तसेच छोटे संच मांडले होते. शिकवणाऱ्या बाईंनी जुनिपरची काळपट फळं, धणे, संत्र्याची साल असं काय काय हुंगायला दिलं, निवडलेलं मद्यार्कात टाकायला लावलं आणि विजेच्या शेगड्या सुरू केल्या. "आता कशाला हात लावू नका," असं बजावून त्या बाटल्या आणायला गेल्या.

सरांची नजर रबरी नळ्यांवर गेली. गार पाणी आवरणात खालून शिरत होतं आणि वरून बाहेर पडत होतं.

"हे चुकलंय," सर म्हणाले. "पाणी वरून सोडायचं असतं. पाणी खाली वाहतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं."

"बाबा, बाईंनी लावलंय ते."

"बाई लहान आहेत अजून."

हाताची घडी घालून लेक खुर्चीत आरामात टेकली.

सरांनी नळ्यांची अदलाबदल केली. शेजारच्या नवराबायकोने विचारलं, "आमचंही चुकलंय का हो?" चूक दिसल्यावर गप्प बसणं सरांना कधीच जमलं नव्हतं. पाच मिनिटांत दहाही टेबलांवरच्या नळ्या बदलल्या गेल्या आणि सगळी खोली त्यांना 'सर' म्हणू लागली. इतकं बरं त्यांना सात वर्षांत वाटलं नव्हतं.

"सर, थेंब काही पडत नाही," शेजारचा म्हणाला. "नुसती वाफच येतेय."

दहा नळ्यांमधून दहा ढग निघाले. चष्मे धुरकटले, खोलीभर संत्र्याचा वास कोंदला, आणि बाईंनी धावत येऊन मेन स्विच बंद केला, खिडक्या उघडल्या.

"नळ्यांना कोणी हात लावला?"

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. बाई रागावल्या नाहीत, हे तर फारच वाईट झालं. "वरून सोडलं की पाणी न थांबता निघून जातं," त्या समजावून म्हणाल्या. "आवरण भरतच नाही, मग वाफ गार कशी होणार? खालून सोडलं की ते भरत भरत वर चढतं." त्यांनी नळ्या पूर्ववत केल्या आणि शेगड्या पुन्हा लावल्या.

सर वाकून पाहत राहिले. नळीच्या टोकाशी एक थेंब जमला, फुगला, थरथरला आणि टपकन पडला. मग दुसरा. एकतीस वर्षं खडूने काढलेला थेंब आज पहिल्यांदा ओला दिसत होता. सरांचे डोळे भरून आले. पहिले थेंब अशुद्ध म्हणून फेकून द्यायचे असतात असं बाई म्हणाल्या, तेव्हा ते त्यांच्या अगदी जिवावर आलं.

"किती सुंदर आहे गं हे," ते म्हणाले. मग चेहरा उतरला. "आणि मी सगळ्या पोरांना उलटं शिकवलं. एकानेही कधी बरोबर काढलं नाही."

"एकीने काढलं होतं," लेक म्हणाली. "आठवीत, पुस्तकात बघून. तुम्ही लाल शाईने अर्धा गुण कापलात. माझा पहिला नंबर गेला त्यात."

वाढदिवसाची ही भेट तिला कुठून सुचली, ते सरांना आत्ता कळलं.

बाटली भरली. जिनला नाव द्यायला बाईंनी लेबल दिलं. सरांनी आधी 'पहिला थेंब' असं लिहिलं, मग ते खोडलं आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं : 'अर्धा गुण, परत.'

लेकीने बाटली हातात घेऊन नीट वाचलं आणि परत त्यांच्यापुढे ठेवली.

"बाबा, खाडाखोड केली की शेजारी सही लागते."

सरांनी चष्मा पुसला आणि निमूटपणे सही केली, तारखेसकट.