डोंगरावरील शिबिराचे आढे शाकारिल्याची हकीकत

सर्व छपरांचा धनी जो आकाशातील पिता, त्याचे चरणी मस्तक ठेवून हकीकत लिहितो ती ऐसी. इसवी सन दोन हजार अठरा, एप्रिल अखेर. डोंगरमाथ्यावर एक राज्य असे. त्याचा अंमल वर्षात दहाच दिवस, उन्हाळी सुटीत, ख्रिस्ती मंडळ्यांच्या मुलांवर चाले आणि लोक त्यास शिबिर म्हणत. तेथे मुलांचे बायबलातील नावांनी वंश, म्हणजे गट, पाडीत, आणि यहूदा व आशेर हे दोन वंश खेळात व गायनात एकमेकांस हार जात नसत. ते वर्षी मुलांच्या निजण्याच्या दालनाची कौले फुटली, आणि पाळकसाहेबांनी फर्माविले की शनिवारी छपरावर पाणी ओतून पाहू, थेंब गळला तर शिबिर बंद. हे वर्तमान जुन्या शिबिरार्थींस कळले, आणि ज्या राज्याने आपणांस प्रार्थना, गाणे आणि ताटे घासणे शिकविले त्याचे उतराई व्हावे ऐसे मनी आणून पन्नाशीचे बारा वीर शिड्या घेऊन डोंगर चढते जाहले. यहूदाचे सरदार शद्रकराव, एस.टी. आगारातील फोरमन, आणि आशेराचे अमोसराव, शाळेचे मुख्याध्यापक. मग पूर्वेचा उतार यहूदाने घेतला आणि पश्चिमेचा आशेराने, आणि मोठी चुरस होऊन शुक्रवारी दुपारी दोन्ही उतार सिद्ध जाहले. परंतु उतार जेथे मिळतात ते आढे उघडेच राहिले.

शद्रकराव बोलिले, "आमची बाजू झाली. आढं आशेराचं."

अमोसराव बोलिले, "वा रे वा! आम्ही आधी उतरलो. हरणाऱ्यानं आढं करायचं."

"कोण हरलं? तुमची कौलं बघा मास्तर, दुधाचे दात पडल्यासारखी दिसतात."

"आणि तुमची तुमच्या एस.टी.सारखी खडखडतात!"

ऐसे शब्द वाढले, आणि दोन्ही दळे सावलीस बसली आणि कोणी शिडीस हात लाविना. मग मुदपाकखान्याच्या स्वामिनी सलोमीबाई, ज्यांस सर्व मावशी म्हणत, त्या बाहेर आल्या. "पाऊस काय वंश विचारून गळणार आहे का रे? पाळकसाहेब उद्या येतात."

राज्याचा जुना दंडक ऐसा की भांडणाऱ्या दोघांनी एका ताटात जेवावे आणि ताट रिते होईतो उठू नये. सलोमीबाईंनी आमटीभाताचे एक ताट मांडिले.

"मावशी, मी मुख्याध्यापक आहे."

"असशील. माझ्याकडं तू आशेराचा अमोस. बस."

मग दोघे बैसले, आणि अमोसरावांनी भाताच्या मधोमध बोटाने रेघ ओढिली, आणि आमटी ती रेघ फोडून दोन्हीकडे गेली.

"मास्तर, सरहद्द बुडाली," शद्रकराव बोलिले, आणि दोघांस हसू आवरेना. मग अमोसराव हळूच बोलिले, "शद्रक, उतारावर धकतं रे. आढ्यावर दोन्हीकडं खोली दिसते, मला भोवळ येते. पोरांसमोर कसं सांगू?"

"इथं कुठली पोरं? सगळे टकले आहेत. आधी सांगायचंस ना गाढवा. मी वर बसतो, तू खालून दे."

मग ताट रिते करून दोघे उठले आणि दिवस मावळण्यापूर्वी आढे पुरे जाहले. शनिवारी पाळकसाहेबांनी बारा घागरी ओतविल्या आणि आत सलोमीबाई हात पसरून उभ्या राहिल्या, आणि तळवा कोरडा राहिला. सोमवारी मुले आली.

तात्पर्य, आढ्याची कौले एकूण चौतीस. ती आशेराच्या हाताने वर गेली आणि यहूदाच्या हाताने बसली. कोणत्या वंशाची लिहावी ते ठरेना, सबब शिबिराची लिहिली.