ओठांचं प्रूफ

नागपुरात महाल भागातल्या आमच्या छापखान्यात प्रूफं तपासायला मला ठेवलं होतं, पण खरी प्रूफं तपासत दौलतभाऊ, तीही समोरच्याच्या ओठांची. आपण साधं "जेवण झालं का?" विचारावं, तर ते डोळे बारीक करून आपल्या तोंडाकडे बघत आणि म्हणत, "हिज्जे चुकून राहिले तुये! ओठ नीट जुळव गा!"

दौलतभाऊ आमचे कंपोझिटर, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे. दहाव्या वर्षी तापात कान गेले, बोलणं तेवढं राहिलं. आपला आवाज किती चढलाय याचा मात्र त्यांना पत्ता नसे. मालकाबद्दलची गुपितं ते माझ्या कानात सांगत आणि ती मालकासकट सगळ्या गल्लीला कळत.

मालकाच्या झुपकेदार मिशीशी त्यांचं हाडवैर. मालक घसा फोडून ओरडे आणि हे थंडपणे सांगत, "ओळीवर शाई सांडली, मालक. वाचता येऊन नाही राहिलं." तोंडी सांगितलेल्या एका लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या जागी त्याच्या सासऱ्याचं नाव छापलं गेलं, तेव्हा कुठे मालकाने मिशी कातरली.

दर रविवारी चहाच्या टपरीवर त्यांची बहिऱ्यांची मंडळी जमायची. दहा-बारा जणांचे हात एकदम चालायचे, त्यातच भांडणं, त्यातच हशा. मी मधे मठ्ठासारखा चहा पीत बसे. आम्हाला ते 'कानवाले' म्हणत, तेही जरा कीव करून. "तुमचं कठीण आहे गा," दौलतभाऊ म्हणत. "रस्त्यापलीकडच्या दोस्ताशी बोलाचं तं बोंबला लागते. अन् तोंडात पान असलं तं मुके!"

घरी त्यांची भाची होती, सुमन. बहीण आणि मेहुणे गेले तेव्हा पोर तीन वर्षांची. दौलतभाऊंनी लग्नाबिग्नाचा नाद सोडला आणि तिला वाढवलं. मोठी होऊन ती नोकरीला लागली कुठे, तर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये! दिवसभर अख्ख्या नागपूरचं ऐकायचं आणि घरच्या माणसाला आपलं ऐकू येत नाही, हे तिला सलू लागलं. तिने कानाचं मशीन आणलं. खिशात डबी, डबीतून वायर आणि वायरीचं बोंडूक कानात.

दौलतभाऊ ते लावून छापखान्यात आले आणि अर्ध्या तासात डोकं धरून बसले. "साऱ्या खणांतले खिळे एका ढिगात सांडले गा!" रविवारच्या मंडळींनी तर डबीला रेडिओ ठरवलं आणि खाणाखुणांनी बातम्या मागितल्या. सोमवारी मशीन ट्रंकेत गेलं.

सुमन रडवेली होऊन छापखान्याच्या दारात आली. "मामाले माहा आवाज नोको हाय काय, भाऊ?" तिने मला विचारलं.

माझा पाराच चढला. तिला तिथेच उभी करून आत गेलो आणि ओठ नीट जुळवून विचारलं, "मशीन काहून काढलं? दोस्त हसले म्हणून?"

"दोस्त गेले चुलीत." त्यांनी हातातला खिळा खाली ठेवला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खरोखर हळू निघाला. "मशीन लावलं अन् पोरीनं हाक मारली. 'मामा' म्हणे."

"मग? मामाच आहात तुम्ही."

"हो ना. पण ओठावर 'मामा' अन् 'बाबा' सारखंच दिसते गा. सतरा वर्सं मी 'बाबा' वाचून राहिलो. चूक होती, मले मालूम होतं. पण तेवढं प्रूफ मी कधी तपासलंच नाही."

बाहेर येऊन मी सुमनला सगळं सांगितलं. ती डोळे पुसून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दौलतभाऊ डबा घरीच विसरले. सुमन तो घेऊन आली. त्यांचं लक्ष वेधायला तिने नेहमीसारखा फळ्यांच्या जमिनीवर पाय आपटला. त्यांनी मान वर केली.

"बाबा, डबा!" ती म्हणाली.

त्यांनी ओठ वाचले. "ठेव तिथं," म्हणाले आणि पुन्हा खिळ्यांत बुडाले.

चमकून मान वर केली ती फक्त मी. कागदावर लिहून त्यांच्यापुढे धरावं म्हणून पेन्सिलही उचलली, पण परत ठेवली. त्यांना नवं सांगणार तरी काय? ते तर सतरा वर्षं हेच ऐकत होते.