लेखिकेने मौन पाळावे

रंगभूमी, चित्रपट व दूरचित्रवाणी लेखनाच्या पदव्युत्तर विभागात एक नियम अतिशय कसोशीने पाळला जातो. ज्याच्या संहितेवर चर्चा चालू आहे, त्याने चर्चा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. संहिता स्वतःच्या पायावर उभी राहते की लेखकाच्या बडबडीवर, हे कळावं हा त्यामागचा उदात्त हेतू. चर्चा कधी संपली हे विभागप्रमुख सर ठरवतात. आणि सर एकदा बोलायला लागले की ती संपवणं त्यांच्याही हातात राहत नाही.

त्या दुपारी ठमीच्या आईच्या नाटकाची पाळी होती. वर्गातले सगळे तिला ताई म्हणत, कारण घरी मूल असलेली ती एकटीच. ठमी दीड वर्षाची, पलीकडच्या रस्त्यावरच्या पाळणाघरात. ते सहाला बंद होतं आणि पाळणाघरवाल्या काकूंनी आदल्याच दिवशी बजावलं होतं, "पुन्हा उशीर झाला तर ठमीची जागा दुसऱ्याला देईन हं. माझ्या दारात रांग आहे." जागा गेली की वर्ग बुडणार, वर्ग बुडला की नाटक बुडणार. तेव्हा नाटक पदरात पाडायचं आणि ठमीलाही वेळेत उचलायचं, एवढीच तिची माफक इच्छा होती. नाटकही तेच होतं. एक आई कामावरून निघते आणि पाळणाघर गाठायला धडपडते.

"मला एक कळत नाही," प्रायोगिक म्हणाला. नाटकात मुळात पात्रंच नसावीत या मताचा असल्यामुळे त्याला हे नाव पडलं होतं. "ही बाई सरळ उठून जात का नाही?"

"तेच ना!" मालिकावाल्याने मान डोलावली. हा एका चालू मालिकेचे संवाद लिहीत असे आणि मेलेली पात्रं परत आणण्यात त्याचा हातखंडा होता. "अडवतंय कोण तिला? एखादी सासू तरी टाका."

कोण अडवतंय ते तिसऱ्या प्रवेशात सविस्तर होतं. ताईने ते पान उघडून पुढे सरकवलं.

"लेखिकेने संहितेकडे बोट दाखवू नये," सर म्हणाले.

पावणेसहा होत आले. ताईने बाकाखालून नवऱ्याला निरोप धाडला, 'ठमीला आणशील का?' उत्तर लगेच आलं. 'मीटिंगमध्ये आहे गं. तू तर नुसती बसलीच आहेस ना?'

तिने हात वर केला.

"लेखिका अस्वस्थ झाली आहे," सरांनी समाधानाने नोंद घेतली. "म्हणजे चर्चा योग्य दिशेने चालली आहे."

शेवटी तिने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मला माझ्या मुलीला आणायला जायचंय,' आणि तो सरांसमोर धरला. सरांनी तो खड्या आवाजात वाचून दाखवला.

"नवीन संवाद!" मालिकावाला म्हणाला. "भावना आहे हो. पण फारच थेट."

"फारच," सर म्हणाले. "मनातलं सगळं पात्रानेच बोलून टाकलं, तर प्रेक्षकाने करायचं काय?"

"तिने नुसतं म्हणावं," प्रायोगिकने डोळे मिटले, "खिडकी लावायची राहिली."

"आणि तीनदा म्हणावं!" मालिकावाल्याने भर घातली.

खिडकी मताला टाकण्यात आली आणि बहुमताने मंजूर झाली. "बघा, ताईंनाही पटलंय," मालिकावाला हळव्या आवाजात म्हणाला. "डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या."

ताईने पिशवी खांद्याला लावली आणि ती उठली. सरांनी शांतपणे नियमावली उघडली. "नियम अकरा. चर्चा चालू असताना लेखक खोली सोडून गेल्यास तो दिवंगत मानण्यात येईल व संहितेचे सर्व हक्क विभागाकडे येतील."

"दिवंगत?" मालिकावाल्याचे डोळे चमकले.

"पूर्वी 'अनुपस्थित' असं होतं. पण अनुपस्थित लेखक दुसऱ्या दिवशी येऊन भांडायचे."

ताईने टेबलावरच्या संहितेकडे पाहिलं. ठमीला मांडीवर थोपटत, एका हाताने टाइप केलेली होती ती. मग तिने दाराकडे पाहिलं, आणि ती गेली.

मागे वर्ग दोन मिनिटं उभा राहिला. "फार लवकर गेल्या," मालिकावाला म्हणाला. "आत्ता कुठे चांगलं लिहायला लागल्या होत्या."

काकू एका हातात कुलूप आणि कडेवर ठमी घेऊन उभ्याच होत्या. ठमीची जागा थोडक्यात वाचली.

दुसऱ्या दिवशी ताई सरांच्या खोलीत गेली. सर उठून उभे राहिले. दिवंगतांविषयी त्यांना आदर होता.

"सर, माझं नाटक मला परत द्या."

"दिलं असतं हो. पण तुम्ही कोण म्हणून मागताय? वारस असाल तर रीतसर अर्ज करा."

"सर, मी जिवंत आहे! तुमच्यासमोर उभी आहे."

"उभं राहणं हा काही पुरावा नाही. नाटकातली प्रेतंसुद्धा टाळ्यांसाठी उठून उभी राहतात." मग त्यांनी आवाज मऊ केला. "वाईट वाटून घेऊ नका. मरणोत्तर पदवी देतोय तुम्हाला, तीही विशेष श्रेणीत. जिवंतपणी तुम्ही काठावर होतात."

वार्षिक महोत्सवात नाटक झालं. आता त्यात सासू होती, खिडकी होती, आणि मुलगी काढून टाकली होती, कारण लहान मुलं तालमीला त्रास देतात. पहिल्या रांगेत दिवंगत लेखिकेच्या कुटुंबीयांसाठी राखून ठेवलेल्या खुर्चीवर तिचा नवरा बसला. बोलावणं त्याच्याच नावाने आलं होतं. ताई ठमीला घेऊन शेवटच्या रांगेत बसली. संध्याकाळी पाळणाघर बंद असतं.

रंगमंचावरच्या आईने तिसऱ्यांदा "खिडकी लावायची राहिली" म्हटलं, तेव्हा सभागृहात हुंदके सुरू झाले. ठमीने त्यात भोकाड पसरलं.

"श्शू!" सगळीकडून आलं. पुढच्या रांगेतली बाई रुमालाने नाक पुसत मागे वळली. "अहो, इतक्या लहान मुलीला कशाला आणता अशा ठिकाणी? जा ना जरा बाहेर. इथे आईची काय घालमेल चाललीय, आणि तुम्ही!"

ताईने ठमीला खांद्यावर घेतलं आणि ती अंधारात रांगेतून वाट काढू लागली.

पाय आखडून तिला वाट तुम्हीच करून दिलीत. डोळे पुसत होतात, म्हणून तिचा चेहरा दिसला नसेल. दार नीट लागलं, आतली शांतता परत आली, आणि तुम्ही शेजाऱ्याच्या कानाशी लागून म्हणालात, "किती खरं लिहिलंय हो. ही बाई आज असायला हवी होती."